भान येतं तेव्हा

पोरगं भ्रमात असतं तेव्हाच त्याच्या जिवाला धोका, एकदा ताळ्यावर आलं की घरच्यांनी निर्धास्त झोपावं, असं माझं पक्कं मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

पुतण्या विशीतला. कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणून खिडक्या लावून बसायचा. खडवलीत कुणी बाधा म्हणालं, कुणी भगत सुचवला. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढताच वहिनी बिचकल्या. तरी लोकल पकडून गेलो. औषधं लागू पडली, भास ओसरले, तो पुन्हा आमच्या पंगतीला जेवू लागला. घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

एका रात्री गोळी तळहातावर घेऊन तो म्हणाला, "काका, कॉलेज गेलं, मित्र गेले. आधी निदान कळत तरी नव्हतं." अगदी शुद्धीवरचं बोलणं. मी हादरलो ते त्यामुळेच.

डॉक्टरांकडून कळलं की सायकोसिसच्या, म्हणजे अशा भास-भ्रमांच्या आजाराच्या, सुरुवातीची वर्षं आणि हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे दिवस सर्वांत जोखमीचे. स्किझोफ्रेनिया या अशाच एका आजारात आत्महत्येने जाणाऱ्यांचं प्रमाण जुनी पुस्तकं 10 टक्के सांगत. 2005 च्या एका मोठ्या आढाव्याने ते 5 टक्क्यांच्या आसपास आणलं, पण त्यातही बहुतेक मृत्यू आजाराच्या सुरुवातीच्या काळातले. भान आलं की काय गमावलं ते दिसतं आणि नैराश्य घेरतं. बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळ्या बंद केल्या की आजार उलटतो, तो धोका वेगळाच.

विचारलं तर नको ते डोक्यात भरवू, हीही माझी समजूत होती. डॉक्टरांनी माझ्यादेखत सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" तो "कधी कधी" म्हणाला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. विचारण्याने तो विचार नव्याने येत नाही. आत साचलेलं बोलायला वाट मिळते.

म्हणून घराघरांतल्या काका-मामांना सांगणं आहे: पोरगं सुधारलं तरी फॉलोअप चुकवू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा, भविष्याबद्दल तो निराश बोलला तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. जीव द्यायचं बोलला तर एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.