कडेकडून मध्याकडे

गोधडी ही आपल्याकडे पांघरायची वस्तू. जुनी लुगडी, सदरे, ओढण्या यांचे तुकडे जोडायचे, खाली अस्तर घालायचे आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करायचे. भिंतीवर लावण्यासाठी कुणी ती शिवत नसे. डोलवीला आमच्या आईने मात्र जेमतेम दोन हात लांबीची एक गोधडी ईदला ओटीवर लावायची म्हणून शिवायला घेतली होती. चारी कोपऱ्यांत तिच्या लग्नातल्या शालूच्या जरीचे चांद होते. ती पुरी झाली नाही.

आता डोलवी म्हटले की पोलाद कारखाना आणि वडखळच्या रस्त्यावरचे ट्रक डोळ्यांपुढे येतात. १९९० मध्ये कारखाना सुरू झालेला नव्हता. भातशेती, धरमतरची खाडी आणि आखातातून येणारा ड्राफ्ट यांवर घर चाले. आमचे बाबा कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि पत्र, फोन, ड्राफ्ट सगळेच थांबले.

आई आमच्यासमोर रडली नाही. तिने चिंध्यांचे गाठोडे सोडले. दिवसा शेतात बेणणी, इशाच्या नमाजनंतर रेडिओवरच्या बातम्या आणि हातात सुई. ती कडेपासून सुरुवात करी आणि चारी बाजूंनी फेऱ्या घेत आत येई. ही रीत आमच्याच घरची नव्हे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका, त्यांत मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळ्या आल्या, आपली कवंदी अशीच कडेकडून शिवत आणतात. शेवटचा तुकडा मध्ये बसतो.

त्या वर्षी १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. कुवेतहून बसने बगदाद, तिथून जॉर्डनची राजधानी अम्मान आणि मग मुंबई, असा तो प्रवास होता. सप्टेंबरच्या अखेरीस बाबा दारात उभे राहिले. अंगावर एक निळा सदरा, हातात एक पिशवी. त्याच रात्री आईने गोधडी गुंडाळून पेटीत ठेवली. मध्ये वीतभर जागा रिकामी होती, सुई टोचलेली तशीच.

बाबा पुन्हा गेले नाहीत. पगार तिकडेच बुडाला होता. आई लोकांच्या गोधड्या शिवू लागली. आमच्या शाळेची फी, वह्या त्यातूनच आल्या. स्वतःची गोधडी तिने उघडली नाही. आम्ही विचारले की म्हणायची, "तिचं काम झालं गं."

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पेटी उघडली तर सुई गंजली होती आणि कापडावर तांबूस डाग पडला होता. आम्हा दोघी बहिणींत वाद झाला. थोरलीचे म्हणणे, आईने जे थांबवले ते आपण पुढे नेऊ नये. धाकटीचे म्हणणे, कसर लागून जाण्यापेक्षा शिवलेले बरे. बाबा नुसते ऐकत होते. मग उठून त्यांनी कपाटातून तो निळा सदरा काढून दिला. "हा मध्ये लावा," एवढेच म्हणाले. तो सदरा त्यांनी इतकी वर्षे जपला होता हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आईचे काम अर्धवट राहिले याची हळहळ आम्हाला इतकी वर्षे होती. ती गोधडी शिवायचे तिला कारण उरले नव्हते, म्हणून ती थांबली होती. वाट पाहणे संपले होते.

गेल्या रमजानमध्ये गोधडीला उन्हे दाखवली आणि तरावीहनंतर रोज थोडे थोडे शिवत गेलो. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आमचा त्याच्या दुप्पट. उसवून सारखे करावे असे वाटले नाही. गंजाचा डागही ठेवला. ईदच्या सकाळी ती ओटीवर लागली.

पुष्कळ घरांच्या पेट्यांत असे काहीतरी गुंडाळलेले असते. तुमच्याकडे असेल, तर सुई हातात घेण्याआधी ते का थांबले होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. सांगणारे आहेत तोवरच.