पान टाकण्याची विद्या

चिपळूणच्या आजोळी लक्ष्मीपूजन आटोपलं की माजघरात दोन सतरंज्या पडायच्या. एकीवर मोठ्यांची तीन पत्ती, दुसरीवर आमचं बदाम सात. बाराव्या वर्षी मला मोठ्यांच्या सतरंजीवर जागा मिळाली आणि मामांनी चार आण्यांची दहा नाणी माझ्या हातात ठेवली. बंद कधी खेळायचं, चाल कधी वाढवायची, शो कधी मागायचा, हे मी बघून बघून शिकले. पत्ते शिकवायचे असतात असं कुणाला वाटतच नव्हतं. विहिरीत ढकललं की पोहता येतं, तसंच हेही.

मामा लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. मुंबईत असताना त्यांना मटक्याचा नाद होता. त्यांच्या बोलण्यात लागलेले आकडेच यायचे: अमक्या शनिवारी दहाचे नव्वद झाले, तमक्या गणपतीत पुन्हा झाले. मामींच्या पाटल्या कधी गेल्या, हे मात्र त्या घरात कुणी बोलत नसे. ते मला आईकडून कळलं, तेही मामा गेल्यानंतर.

पुढे मी डोंबिवलीत राहून मुंबईतल्या एका कंपनीत हिशेब लिहू लागले. २००९ साली फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना नवशिक्यांसाठी लिहिलेलं जुगाराचं एक जाड इंग्रजी मार्गदर्शक हाताला लागलं. एकशेवीस रुपयांना घेतलं. खेळायचं म्हणून नव्हे. मामा आयुष्यभर जे करत होते ते नेमकं काय होतं, हे मला एकदा कागदावर पाहायचं होतं.

पहिल्याच प्रकरणात एक साधी गोष्ट होती. हात जितका दुर्मीळ, तितका मोठा. पोकरमध्ये पाच पानांच्या हातांची सगळी उतरंड याच नियमावर उभी आहे. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात आणि त्यांत रॉयल फ्लश फक्त चार, म्हणून तो सगळ्यांच्या वर. मी लगेच वही घेतली आणि आमची तीन पत्ती मोजली. तीन पानांचे हात २२,१००. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते, म्हणजे चारांपैकी तीन वेळा हातात नुसती सुटी पानं. तीन सारखी पानं येतात ५२ प्रकारांनी. एकाच रंगाची ओळीची पानं येतात ४८ प्रकारांनी. मी तीनदा मोजलं. दरवेळी तेच उत्तर. ओळीची पानं जास्त दुर्मीळ, तरी आमच्या घरात आणि सगळीकडेच तीन सारखी पानं मोठी मानतात. पिढ्यान्‌पिढ्या खेळणाऱ्या घरात हे कुणी मोजलंच नव्हतं.

त्याच रात्री मी मामांचा मटकाही मोजला. आकडे शून्य ते नऊ असे दहा, आणि बरोबर लागला तर मामांना मिळायचे नऊ पट. म्हणजे शंभर रुपये लावले तर लांबच्या हिशेबात नव्वद परत येणार. नशीब चांगलं की वाईट, हा प्रश्नच त्यात नाही. रुलेटच्या प्रकरणात हेच गणित होतं, फक्त कापणारा हात हलका. चाकावर शून्य धरून ३७ खाचा असतात, पण एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर वर ३५ रुपयेच मिळतात, आणि खेळणारा सरासरी २.७ टक्के गमावतो. लावण्याची कोणतीही पद्धत हे बदलू शकत नाही, असं पुस्तकानं स्पष्ट लिहिलं होतं. जुगार शिकवायला निघालेलं पुस्तक इतकं खरं बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला.

आणि तिथेच मी पोकरकडे वळले. कारण पोकरमध्ये समोर घर, म्हणजे कॅसिनो, नसतं, माणसं असतात. जो कमी चुकतो त्याच्याकडे पैसे जातात, असं पुस्तक म्हणत होतं. शिवाय त्यात ख्रिस मनीमेकरची हकिगत होती. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरला पोचला आणि ८३९ खेळाडूंमध्ये पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. तीनच वर्षांत त्या स्पर्धेत ८,७७३ माणसं बसली. तोही हिशेबनीस, मीही हिशेबनीस. उरलेल्या ८३८ जणांचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

महाराष्ट्रात जुगाराला १८८७ च्या कायद्यापासून बंदी आहे. गोव्यात मात्र १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि जहाजांवर कॅसिनो चालवायला परवानगी मिळाली. २०११ च्या डिसेंबरात ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले, तेव्हा पणजीच्या धक्क्यावरून लहान बोटीनं मांडवीतल्या एका जहाजावर चढले. जवळ दहा हजार रुपये होते. पुस्तक वाचून झालं होतं. पोकरच्या टेबलावर मी एकटी बाई होते आणि मला भीती वाटली नाही, कारण आकडे मला येत होते.

त्या रात्रीचा एक हात मी विसरणार नाही. माझ्याकडे बदाम राजा आणि बदाम दश्शी. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी पहिली तीन उघडली, त्यांत दोन बदाम. आणखी एक बदाम आला की माझा फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. समोर एकच गृहस्थ उरले होते. त्यांनी हजार लावले. मधे आता दोन हजार होते. मी मनात पुस्तक उघडलं. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. नऊला चारनं गुणायचं: छत्तीस टक्के. हजार घालून तीन हजार मिळवायचे, म्हणजे तेहतीस टक्के पुरेत. मी हजार सरकवले. चौथं पान किलवर. त्यांनी दीड हजार लावले. आता उठायचं कसं, इतके गेलेत तर, असं म्हणत मी तेही भरले. पाचवं पान इस्पिक. सुरुवातीचे पाचशे धरून त्या एका हातात तीन हजार गेले. पहाटे एटीएममधून काढलेले आणखी पाच हजारही राहिले नव्हते.

परतीच्या गाडीत मला ठाम वाटत होतं की गणित बरोबर होतं, पान आलं नाही. मामाही हेच म्हणत.

चूक कळायला चार महिने आणि दुसरं पुस्तक लागलं: डेव्हिड स्क्लान्स्की यांचं ‘द थिअरी ऑफ पोकर’. ते वाचून मी पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं. चारनं गुणायचा नियम दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचा. एकच पान बघायचं असेल तर दोननं गुणायचं. मी हजार रुपये भरले होते ते फक्त पुढच्या एका पानासाठी. पाचव्या पानाची किंमत वेगळी वसूल होणार होती, आणि झालीही. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम, म्हणजे जेमतेम एकोणीस टक्के. मला हवे होते तेहतीस. पुढच्या पानाला हवे होते पंचवीस, तेव्हाही हातात वीसच. मी किंमत एका पानाची देत होते आणि शक्यता दोन पानांची धरत होते. दोननं गुणायचा नियम पहिल्या पुस्तकात पुढच्याच परिच्छेदात छापलेला होता. मी तो वाचला होता, पण खेळावंसं वाटायला लावणारा नियमच माझ्या लक्षात राहिला होता.

म्हणून सांगते, अर्धं वाचलेलं पुस्तक न वाचलेल्यापेक्षा जास्त घेऊन जातं. काही न येणारी मी सतरंजीवर चार आण्यांच्या दहा नाण्यांत भागवत होते. अर्धं येणाऱ्या मीच एका रात्रीत पंधरा हजार घालवले.

दुसऱ्या वाचनात मला दिसलं की या पुस्तकांचा मोठा भाग पानं टाकण्याबद्दल आहे. वाटली गेलेली दोन पानं १,३२६ प्रकारांची असू शकतात, त्यांत दोन एक्के फक्त सहा. म्हणजे २२१ डावांतून एकदा. टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात, तेव्हा सात तास बसून एक्क्यांची जोडी एकदा दिसली तर हिशेब बरोबर. बाकीचा बहुतेक वेळ पानं बघायची आणि टाकायची. तीन पत्तीत पॅक करणारा भित्रा, अशी आमच्या घरची समजूत. ती काढून टाकायला मला एक वर्ष लागलं. तेव्हा कुठे मी बरी खेळू लागले.

दुसऱ्या वाचनाच्या सुमारालाच आजीनं सांगितलेली नळाची गोष्ट आठवली. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ती सांगतात. नळही द्यूतात राज्य हरलेला, ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ ते ऐकून पुढे जात नाही. रथ थांबवतो, झाड पाडतो आणि स्वतः मोजतो. आकडा जुळल्यावर तो ती विद्या मागतो, बदल्यात घोड्यांची विद्या देतो आणि अक्षहृदय शिकतो. फाशांचं आणि मोजण्याचं ते ज्ञान मिळाल्यावरच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. लहानपणी मला हंस आणि दमयंतीच लक्षात राहिले होते. आता मला थांबलेला रथ दिसू लागला.

मीही मोजायला बसले. तोवर माझ्या चार बैठका झाल्या होत्या, आणि कुणी विचारलं तर मी मनापासून सांगत असे की साधारण बरोबरीत आहे. बँकेचं पासबुक आणि एटीएमच्या चिठ्ठ्या समोर घेतल्या. उत्तर आलं: अडतीस हजार उणे. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या माझ्या डोक्यानं स्वतःचा हिशेब इतका खोटा धरला होता. तेव्हा मामा मला पहिल्यांदा समजले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना लागलेले आकडेच आठवत होते.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, नेलेले, आणलेले, प्रवास, प्रवेश, जेवण. पुढच्या दोन वर्षांत दहा बैठका झाल्या. टेबलावर एकूण गेले ४,२०० रुपये. पहिल्या चार बैठकांशी तुलना केली तर पुस्तकांनी मला खरंच शिकवलं होतं. पण त्या दहा रात्रींचा बाकीचा खर्च ४२,००० होता.

शिवाय त्या टेबलावरचा एक आकडा मी उशिरा मोजला. प्रत्येक डावातून घर पाच टक्के कापत असे. मधे सरासरी दोन हजार धरले तर डावाला शंभर, तासाला तीस डाव म्हणजे तीन हजार, सहा तासांत अठरा हजार. आम्ही नऊ जण दहा-दहा हजार घेऊन बसत होतो. म्हणजे रात्री टेबलावर आलेल्या नव्वद हजारांतला पाचवा हिस्सा पहाटेपर्यंत टेबलावरून नाहीसा होत होता. पोकरमध्ये समोर घर नसतं, हे पुस्तकातलं वाक्य अपुरं होतं. घर बाजूला बसलेलं असतं. मला समोरच्यांपेक्षा थोडं बरं खेळून चालणार नव्हतं. तो पाचवा हिस्सा भरून निघेल इतकं बरं खेळायला हवं होतं.

आणि शेवटचं प्रकरण, पैशांच्या बेगमीचं, जे मी दोन्ही वेळा भरभर उलटलं होतं. ज्या रकमेनं बसायचं, तिच्या निदान वीस पट पैसे वेगळे असावेत, तेही गेले तरी घर हलणार नाही असे. माझ्या बाबतीत ते दोन लाख होत होते. माझ्याकडे तसे दोन लाख नव्हते. त्या पानाचा सरळ अर्थ होता की तू इथे बसू नकोस. २०१४ च्या मे महिन्यात मी वहीत शेवटची बेरीज केली आणि थांबले. त्याचं दुःख झालं नाही. इतक्या वर्षांत नीट पान टाकलं असेल तर ते हेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या थोडंसं आधी माझा भाचा मोबाइलवर पोकर शिकत होता. “मावशी, तू खेळायचीस ना, मला शिकव,” म्हणाला. मी त्याला तीन पत्तीचे ५२ आणि ४८ मोजायला लावले, बदामांचं गणित सोडवून घेतलं, आणि मग माझी वही दिली. त्यानं ती शेवटच्या बेरजेपर्यंत वाचली.

ही पुस्तकं वाचू नका असं मी म्हणणार नाही. संभाव्यतेचं इतकं चोख शिक्षण मला शाळेत मिळालं नव्हतं. पण वाचायचं तर शेवटचं प्रकरण आधी वाचा. आणि तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर त्याच्यावर ओरडून काही होत नाही, आमच्या घरातही झालं नाही. त्याला एक वही द्या आणि तारीख, नेलेले, आणलेले असे तीन रकाने आखून द्या. त्या रकान्यात खोटा आकडा लिहावासा वाटू लागला, तर तो खेळ उरलेला नाही, आजार झालेला आहे. मग लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. आमच्या मामांना अशी वही कुणी दिली नाही.