गार्डनर राहिला

उपासना सुटली की आमच्या मंडळीत चपला घालता घालता एक विषय हमखास निघतो: हल्ली कोण येईनासं झालंय. एकाचं पास्टरेट कमिटीशी वाजलं. दुसरा नव्या फेलोशिपला जाऊ लागला. तरुण संघातली दोन चांगली मुलं नोकरीपायी पुण्याला गेली आणि तिथे चर्चची पायरीही चढत नाहीत म्हणे. संडे स्कूलला शिकवणारे आता मोजकेच उरलेत. शनिवारी रात्री धडा काढायला बसलं की मनात येतंच, सगळं आपणच का ओढायचं? या ‘आपणच’मध्ये थोडा थकवा असतो आणि बराचसा तोरा. मला भीती तोऱ्याची वाटते.

अशा वेळी मला शरणपूरची मुलं आठवतात. आज नाशिकचा शरणपूर रोड म्हणजे दुकानं, क्लासेस आणि कायमची वाहतूक कोंडी. पण १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वसाहत वसवली. इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरत. त्यांतली कित्येक पुढे इथे आली आणि सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याच्या छत्तीस जणांच्या तांड्यात यांतले नऊजण होते.

ती सफर म्हणजे सोडून जाणाऱ्यांचीच कथा आहे. आधी मुंबईचे शिपाई परत फिरले. मग जोहाना बेटावरचे दहाजण पळाले, आणि त्यांच्या म्होरक्याने झांजिबारला जाऊन सांगितलं की साहेब मारला गेला! पण जिव्हारी लागली ती २० जानेवारी १८६७ची चोरी. औषधाची पेटी बराका नावाच्या नाशिककर मुलाकडे असे, कारण पोरगा फार जपून वागायचा. त्या सकाळी वाटेत सामील झालेल्या दोघा याओ माणसांपैकी एकाने त्याच्याशी ओझ्याची अदलाबदल केली. पेटीबरोबर बराकाचे स्वतःचे कपडे आणि मणीही बांधलेले होते. पुढे रानात, भर पावसात, ते दोघे ओझ्यांसकट पसार झाले. त्या दोघांवर लिव्हिंगस्टनचा विश्वास होता. तापाच्या मुलखात औषधं गेली म्हणजे आपल्याला मरणाची शिक्षाच झाली, असं त्याला वाटलं. तरीही डायरीत त्याने त्या दोघांची बाजू मांडली आहे.

नाशिकचे नऊजण काही संत नव्हते. एक आजारात गेला, एखादा वाटेतल्या गावीच राहिला, आणि त्यांच्या आळसाबद्दल साहेबाने काही कमी लिहिलेलं नाही. १८६८मध्ये पुढे जायला बहुतेकांनी साफ नकार दिला. तो पाचजणांना घेऊन निघाला, बांगवेउलू सरोवर पाहून आला, आणि त्याच वर्षी त्याने पळालेल्यांना परत कामावर घेतलं. आपल्यातही दोष आहेतच की, असं त्याचं कारण. २६ जून १८७० रोजी पुन्हा तेच. त्या दिवशी त्याच्यामागे तिघेच चालत होते: तांड्यातलेच सुसी आणि चुमा, आणि आपल्या नाशिकचा गार्डनर.

या गार्डनरचा पुतळा कुठे नाही. मला तो आवडतो तो त्यामुळेच.

१८७२मध्ये शरणपूरची आणखी काही मुलं येऊन मिळाली, त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ला लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावी वारला, तेव्हा या मंडळींनी पहिल्यांदा काय केलं? पेट्या उघडून साहेबाच्या सामानाची यादी केली. लिहिता येत होतं म्हणून ती जेकबने लिहिली. कोण कधी पळालं याची यादी करायला कुणाला सवड नव्हती. मग त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली. देह मिठाने आणि उन्हाने वाळवून, साल आणि शिडाच्या कापडात गुंडाळून ते समुद्राकडे निघाले. अर्ध्या वाटेवर एका इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा म्हणून सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

इथवर गोष्ट सांगून थांबायचा मोह होतो. पण पुढे याच जेकबचं मिशनशी पटलं नाही. तो तिथून निघाला, भटकला, आणि १८९२मध्ये उरांबोला दुसऱ्या एका मिशनच्या ठाण्यावर वारला. निष्ठेचा नमुना म्हणून ज्याला लंडनने पाहिलं, त्याचंही नाव कधीतरी ‘येईनासं झालंय’ या सदरात गेलं असणार.

पौलाचंही असंच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो तुरुंगातून कळवतो की देमास मला सोडून गेला, आता जवळ लूकच आहे. वाचणारे इथेच हळहळून थांबतात. पण लगेच तो म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. हा मार्क पंफुल्यातूनच माघारी फिरलेला, आणि त्याच्यावरून पौल बर्णबाशी कडाक्याचा भांडलेला! सोबती कमी झाल्याचं दुःख पौलाला आहेच. तरी माघारी फिरलेल्याला तो नावानिशी बोलावतो.

आमच्याकडेही एक मार्क परत आलाय. दोन-तीन वर्षं दुसरीकडे जाऊन आलेला हा गृहस्थ पेटी सुरेख वाजवतो, आणि गायनमंडळाला पेटीवाला नाही. कमिटीत बराच खल झाला. जे कधीच कुठे गेले नव्हते, त्यांचा आवाज सगळ्यांत चढा होता, आणि त्यात आमच्या संडे स्कूलचेही लोक होते. शेवटी ठरलं की आधी सहा महिने त्याने नुसतं येऊन बाकावर बसावं, मग बघू. मला हे पटलेलं नाही. नाताळच्या गाण्यांच्या तालमी तोंडावर आल्यात, तेव्हा पुढच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा काढणार आहे.