शेगडी आत अन् दार बंद? एकदा वाचाच

मागच्या थंडीतली गोष्ट. ताई बाळंतपणाला घरी आली होती. आपल्या नांदगाव खंडेश्वरात अजूनही कित्येक घरी बाळंतिणीला शेक देतात. आईनं खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मी दार उघडं ठेवलं तर म्हणे, "दार लाव रे, लेकराले हवा लागन!"

पहाटे ताईचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली, उभं राहिलं की चक्कर. आईला वाटलं दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्या गडबडीत दार उघडं राहिलं, ताईला अन् बाळाला आम्ही ओसरीवर आणलं आणि तिला बरं वाटू लागलं. दवाखान्यात गेलो तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खोलीत शेगडी होती काय?"

आई आजही म्हणते, मोहऱ्यांनी गुण आला. गुण दाराचा होता.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यात लहान लेकरंही, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत झोपले ते उठलेच नाहीत. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचाही धोका हाच.

आपण नाकावर भरवसा ठेवतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो म्हणून गळती कळते. तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, चालूही नाही अन् बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 वर फोन करा. पण कार्बन मोनॉक्साइडला नाक चालत नाही. तिथं उघडं दारच कामाचं. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, तर आधी सगळे बाहेर या, मग दवाखाना गाठा.

आईशी मी वाद घातला नाही. शेगडी अंगणात पेटवली, कापड तिथं गरम करून आत नेऊ लागलो. ऊब आत, निखारे बाहेर. आईचा शेकही राहिला, ताईचा श्वासही.

घरी बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, तर आज रात्री निजण्याआधी शेगडी कुठं आहे तेवढं पाहून घ्या बाप्पा.