उसाच्या फडातली शिदोरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा तुमच्या वर्गात केवढा कलकलाट असतो! आमच्या तळोद्याकडे मात्र तेव्हा हजेरी घेताना आवाज जरा कमीच येतो. मी नाव पुकारते आणि मागून कुणीतरी सांगतं, "बाई, तो ऊसतोडीला गेला."

तळोदं नंदुरबार जिल्ह्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मल्हारराव होळकरांचं बालपण इथेच, मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेलं. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थामा ऋषींची यात्रा भरते, तेव्हा यात्रेकरूंनी गाव फुलून जातं. यात्रा सरली की ट्रकमध्ये भांडीकुंडी, गोधड्या आणि पोरंबाळं चढतात. गुजरातेतल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

तर या ट्रकवाल्या दिवसांतच माझा मामेभाऊ आला. तो बोटीवर नोकरी करतो. त्याने हवाई बेटांवरच्या एका खाऊची गंमत सांगितली. भाताची चौकोनी वडी, तिच्यावर डब्यातल्या मांसाचा तळलेला काप आणि भोवती वाळवलेल्या समुद्रशेवाळाची काळी पट्टी. नाव स्पॅम मुसुबी. तिकडे पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा मिळते म्हणे, आपल्याकडे वडापाव मिळतो तशी!

पण ती आली कुठून? हवाईत पूर्वी मैलोन्‌मैल उसाचे मळे होते. 1885 साली जपानमधून सुमारे 900 माणसं करारावर मजुरीला तिथे उतरली आणि मग बोटींमागून बोटी आल्या. मजुरांच्या गळ्यात नंबराचा बिल्ला असे आणि मुकादम त्यांना नावाने नव्हे, नंबरानेच हाक मारी. (मी हजेरीत नंबर न पुकारता नाव का पुकारते, ते आता कळलं ना?) फडात जाताना ते भाताचा गोळा नेत. त्यालाच जपानीत मुसुबी म्हणतात. मध्ये खारवलेलं आंबट फळ ठेवत. अमेरिकेत 1937 साली डुकराच्या मांसाचा स्पॅम नावाचा डबा निघाला, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर तो हवाईत घरोघरी पोचला. बर्फाशिवाय टिकतो, हा त्याचा मोठा गुण. भात आणि हा काप यांची अशी वडी 1980 नंतर सगळीकडे विकायला आली. मळ्यांचं म्हणाल, तर शेवटचा मळा 2016 च्या अखेरीस बंद झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितलं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण करू या."

आता तळोद्याच्या बाजारात स्पॅम कुठला! शिवाय पुष्कळ जण मांस खात नाहीत. म्हणून मी काढली आपली खानदेशी पाटवडी. बेसनात लसूण, मिरची, जिरं आणि सातपुड्यातला आमचूर घालून पीठ घोटलं. तेल लावलेल्या ताटात बोटभर जाड थापलं. गार झाल्यावर लांबट काप कापले, तव्यावर खरपूस परतले आणि वर चमचाभर सोया सॉस व गुळाचा छोटा खडा टाकला. काप तपकिरी, चकचकीत झाले. स्पॅमही तिकडे असाच साखर आणि सोया सॉसमध्ये परततात.

भाताने मात्र फजिती केली. मी नेहमीचा कोलम शिजवला, तो वडी काढताच भुरभुर सांडला. मुलं खो-खो हसली! मग इंद्रायणी आणला. नवा चिकट तांदूळ हवा, हे आधीच सुचायला हवं होतं. छोट्या चौकोनी डब्यात विस्तवावर मऊ केलेलं केळीचं पान घातलं. मिठाच्या पाण्यात हात बुडवून दोन बोटं उंच कोमट भात दाबला, वर काप ठेवला, पुन्हा दाबलं आणि पानासकट उचलून गुंडाळलं. शेवाळाची पट्टी नाही, तर नाही. (पान खायचं नाही बरं का! आणि तव्याजवळ आईबाबांना घ्या.)

खाताना त्याच मुलीने विचारलं, "तिथली पोरं शाळेत जायची?"

जायची. हवाईच्या राजाने 1840 सालीच मुलांना शाळा सक्तीची केली होती. मळ्यावरची मुलं डबे घेऊन शाळेत जात.

"मग त्यांचे आईबाप ऊस तोडायला जायचे, तरी?"

मळे त्यांच्या घराजवळच होते, असं मी म्हटलं. ती गप्प झाली. आपल्या सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मुलांना गावातच ठेवता येतं, हे सांगायला मी तिच्या घरी दोनदा गेले होते. तिचे बाबा म्हणत, "बाई, धाकट्याला सांभाळायला कोण?" अखेर आजी म्हणाली, "दोघं माझ्याजवळ राहतील."

ट्रक निघाला त्या सकाळी ती मुलगी माझ्या दारात आली. इंद्रायणी उरला होता. आम्ही चार वड्या बांधल्या. एक धाकट्यासाठी, एक आजीला, दोन आईबाबांना.

"संध्याकाळच्या आत खायला सांग," मी म्हटलं, "भात आंबतो." ती पानाची पुडकी घेऊन ट्रककडे धावली.