दोरी ओढण्याआधी

बोटीची मोटर चालू होत नाही म्हणून तिच्या दोरीला लटकलेला माणूस ज्यांनी पुराच्या पाण्यात पाहिला आहे, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. एक झटका, दोन झटके, दहा झटके. हाताला फोड येतात, खांदा निखळल्यासारखा होतो आणि तोवर बोट धारेला लागून खाली गेलेली असते. २००५, २०१९, २०२१ ही महापुराची वर्षे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना पोराबाळांच्या जन्मसालासारखी पाठ आहेत. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायामुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर यांत्रिक बोटींची मागणी गावोगाव होऊ लागली. बोट आली की प्रश्न मिटला, असे पुढाऱ्यांना वाटते. आमचा अनुभव निराळा आहे.

आमची वस्ती गावाच्या उतारावर, नदीच्या अंगाला. पाणी चढताना आधी आमच्या उंबऱ्याला लागते आणि उतरताना सर्वांत शेवटी आमच्या घरातून निघते. म्हणून बोट समाजमंदिराच्या पडवीतच ठेवावी, असा आग्रह आमच्या मंडळाने धरला आणि २०२३ च्या मे महिन्यात ती आमच्या ताब्यात आली. रबरी बोट आणि तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची पंचवीस अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर. अशा मोटरला आउटबोर्ड म्हणतात. आमच्याकडे येण्यापूर्वी दोन पावसाळे ती एका कार्यालयाच्या गोदामात पडून होती. कागदावर 'सुस्थितीत' असा शेरा होता. असे शेरे कसे पडतात हे आम्हा कारकुनांना ठाऊक असल्याने पाऊस सुरू होण्याआधीच मोटर चालवून पाहायचे ठरले.

लोखंडी बॅरल पाण्याने भरून मोटरचा खालचा भाग त्यात बुडवला. हे पाणी हवेच. मोटर थंड ठेवणारा पंप तेच पाणी ओढतो. कोरडी चालवली तर पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात जळून जातो. मग वस्तीतील तरुणांनी पाळीपाळीने दोरी ओढायला सुरुवात केली. मोटर एकदा फुरफुरली आणि गप्प झाली. जन्मभर नाव चालवलेले एक भोई काका कट्ट्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "आरं पोरांनू, तुटस्तवर काय वढताय? आदी तिला काय पाजलंय ते बघा की!"

आम्ही बी.कॉम. झालेले. तेरीज जुळली नाही तर हिशेबनीस वह्या आपटत नाही. आधी बेरीज पाहतो, मग एकेक खाते उघडतो. मोटरचेही तसेच आहे. तिला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यांपैकी कोणती पोचत नाही, एवढेच शोधायचे असते. शोध मात्र बाहेरून आत जावा, कारण निम्मी दुखणी झाकण उघडण्याआधीच सापडतात.

मोटर बंद करण्याच्या बटणाखाली दोरी लावलेली एक प्लॅस्टिकची चिमटी असते. चालवणारा पाण्यात पडला तर दोरीबरोबर ती निघते आणि मोटर थांबते. ती जागेवर नसेल तर दिवसभर दोरी ओढा, ठिणगी पडणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. पेट्रोलच्या डब्याच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. तो मिटलेला राहिला तर डब्यात हवा शिरत नाही, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि चालू झालेली मोटरही थोड्या वेळाने गुदमरून बंद पडते. नळीच्या मधोमध रबरी फुगा असतो. त्यावरचा बाण मोटरकडे असावा आणि फुगा कडक होईपर्यंत दाबावा. मोटर थंड असेल तरच चोक ओढावा आणि तिने पेट घेताच आत ढकलावा. चोक ओढलेलाच ठेवून झटके देत राहिले की आत पेट्रोल साचते, वास सुटतो, प्लग ओले होतात. मग कितीही जोर लावला तरी उपयोग नाही. प्लग काढून पुसावेत, चिमटी काढलेली ठेवून दोरी काही वेळा ओढावी म्हणजे साचलेले बाहेर पडते. आणि हे करताना जवळपास विडीकाडी नको, हे आमच्या भावांना दरवेळी सांगावे लागते.

आमच्या मोटरचे बाहेरचे सारे ठीक निघाले. मग काकांचे ऐकून डब्यातील पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवले. तासाभराने बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसू लागला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. डबा दमट जागी महिनोन्महिने पडला की पाणी वाढत जाते आणि शेवटी इथेनॉलसह वेगळे होऊन तळाला बसते. नळीचे तोंडही तळालाच! म्हणजे मोटरच्या घशात पहिला घोट पाण्याचाच जाणार. काकांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण दुखणे त्यांनी बरोबर ओळखले.

वस्तीत मोटारसायकलचे गॅरेज चालवणारा एक मुलगा आहे. त्याने कार्बोरेटर उघडला. जुने पेट्रोल उडून जाऊन आत पिवळसर चिकटा बसला होता आणि सुईच्या टोकाएवढी जेटची भोके बुजली होती. त्याने ती औषध फवारून, हवा मारून साफ केली. तार घालू दिली नाही, कारण तारेने भोक मोठे होते आणि माप कायमचे बिघडते. दोन्ही प्लग काळे पडले होते, ते नवे घातले. ताजे पेट्रोल आणले. आमच्या मोटरला लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल लागते. ते महिला मंडळाच्या एका ताईंनी लेकराच्या औषधाच्या मापाच्या झाकणाने मोजून घातले. 'थोडं जास्त पडलं तर बरंच' असे म्हणणाऱ्यांना त्यांनी बाजूला केले. जास्त ऑइलने प्लग काजळतात, कमी पडले तर पिस्टन जाम होतो. तिसऱ्या झटक्याला मोटर चालू झाली आणि मागून पाण्याची बारीक धार सुटली. ती धार म्हणजे पंप जिवंत असल्याची खूण.

आता थोडे आमच्या कारकुनीविषयी. समाजमंदिरात आम्ही लाल कापडी बांधणीची एक वही ठेवली आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा मोटर बॅरलमध्ये चालवायची आणि वहीत लिहायचे : तारीख, पेट्रोल कधीचे, धार पडली की नाही, चालवणाऱ्याची सही. आणखी एक रकाना आहे, 'किती झटके'. या रकान्याला काही मंडळी हसली. पण मोटर एकाएकी दगा देत नाही. आधी ती जड होते, दोनच्या जागी पाच झटके मागते. लिहून ठेवले नाही तर आज तिचा मूड नाही असे म्हणून आपण विसरून जातो.

२०२४ च्या जूनमध्ये त्या रकान्यात आधी ३ आणि पंधरा दिवसांनी ७ असा आकडा पडला. मोटर चालू झाली होती, म्हणजे तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तरीही आम्ही गॅरेजच्या मुलाला बोलावले. रबरी फुगा कडक होऊन पुन्हा मऊ पडत होता. फुग्याजवळ नळीला केसाएवढी चीर गेली होती. तेथून पेट्रोल सांडत नव्हते, पण हवा आत ओढली जात होती. नळी बदलली आणि आकडा २ वर आला.

त्याच जुलैत एका रात्री पाणी वस्तीच्या रस्त्यावर आले. एक दिवस भरलेली सून आणि अंथरुणाला खिळलेले एक आजोबा यांना आधी काढायचे होते. अंधारात, पावसात मोटर दुसऱ्या झटक्याला चालू झाली. दोन खेपा झाल्या. सुनेने बोटीत बसताना, "मोटर मध्येच बंद पडायची नाही ना?" असे विचारले, तेव्हा दोरी धरलेल्या मुलाने चिमटीची दोरी मनगटाला गुंडाळत नुसती मान हलवली.

पुराचे पाणी गाळाचे असते. म्हणून सकाळी परत आल्यावर मोटर बॅरलमधील स्वच्छ पाण्यात दहा मिनिटे चालवली, शेवटी नळी काढून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत तशीच फिरू दिली आणि उभी टांगून ठेवली. वहीत सही करताना त्या मुलाचे हात थरथरत होते. ताईंनी आधी चहा दिला, सही नंतर घेतली.