१.७ अँगस्ट्रॉमपाशी

ज्या आलेखापायी माझे दीड वर्ष खर्ची पडले, त्याचे शेवटचे टोक वर वळले होते. ते तसे वळायला नको होते, आणि तरीही ते माझ्या नावानिशी छापले गेले, हे शल्य अद्याप निघालेले नाही.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा, षट्कोनांनी विणलेला पत्रा. मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव यांनी २००४ साली तो चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून काढला, हे सर्वश्रुत आहे. आमचे काम तो संगणकात ताणण्याचे होते: प्रत्येक अणूवरील बल सूत्राने काढायचे, काळ एका फेम्टोसेकंदाने पुढे सरकवायचा, पुन्हा बल काढायचे, अशा दहा लक्ष पायऱ्या चढल्यावर जेमतेम एक नॅनोसेकंद पदरी पडतो.

पत्रा ताणू लागले की प्रतिकार वाढतो, पुढे त्या वाढीचा जोर ओसरतो आणि अखेर बंध तुटतो, असा क्रम अपेक्षित होता. परंतु माझा पत्रा तुटण्याच्या ऐन घटकेला अकस्मात अधिक कणखर होत असे. प्रथम मला हर्षच झाला. मग शंका आली. तापमान बदलले, पत्रा मोठा केला, पायरी निम्मी केली. टोक जागचे हलेना. अखेरीस सारा पत्रा बाजूस ठेवून मी एकच बंध १.४२ अँगस्ट्रॉमपासून हळूहळू ताणला, तेव्हा १.७ पाशी बलाने एकदम उसळी घेतलेली दिसली. दूरच्या अणूंचा हिशेब टळावा म्हणून सूत्रकारांनी १.७ ते २ अँगस्ट्रॉम या चिंचोळ्या पट्टीत परस्परक्रिया शून्यावर आणलेली असते. तिथे ऊर्जेचा उतार कृत्रिम रीतीने तीव्र होतो, आणि उतार म्हणजेच बल. ते सामर्थ्य कार्बनचे नव्हते, आखलेल्या हद्दीचे होते. हद्द २ वर नेताच टोक खाली आले. हा दोष जाणकारांनी पूर्वीच नोंदवला होता, हे मला मागाहून कळले.

दुरुस्त आलेख घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेलो. मसुदा तयार होता, मुदत दोन दिवसांवर आली होती. "आकडा उत्तम आला आहे, आता तो बिघडवू नका," एवढेच ते म्हणाले. संमतिपत्रावर सही मीच केली.

नवशिक्यांनी पत्र्यास हात घालण्यापूर्वी एक बंध तोडून पाहावा, आणि कोणी ग्राफीनचा स्थितिस्थापकता गुणांक एक टेरापास्कल म्हटला की जाडी किती धरली ते विचारावे. ग्राफाइटच्या थरांतील ०.३३५ नॅनोमीटर अंतर न धरता ०.०६६ धरले, तर तोच गुणांक पाचपट होतो.

विभागप्रमुखांवरचा माझा रोष अनेक वर्षे टिकला. परंतु पुढे प्रकाशशोषणाचे गणित करताना एक थर दृश्य प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो हे प्रसिद्ध उत्तर पहिल्याच प्रयत्नात आले, आणि मी त्याची एक दिवसही रुजवात घेतली नाही. अतिनील भागातील शिखर, जे प्रयोगात ४.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सापडते, ते माझ्या गणितात भलतीकडे पडले होते. कारण इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांमधील आकर्षण मी वगळले होते. त्या वेळी मला कोणाचा हुकूम नव्हता.

पहिल्या लेखाच्या दुरुस्तीपत्राचा मसुदा मी दोनदा लिहिला आहे. विभागप्रमुख आता निवृत्त झाले आहेत. त्यांची संमती मागणारे पत्र माझ्या दप्तरात पडून आहे.